रक्ताचा वारसा आणि माणसाचा हक्क
(जनुकीय भेदभाव : इस्लामी शिकवणीच्या प्रकाशात एक अभ्यास)

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या सेवेत एकदा वाळवंटातील एक मनुष्य आला. त्याच्या पत्नीला मुलगा झाला होता. परंतु मुलाचा वर्ण आई-बापांहून निराळा, काळा होता. मनुष्याच्या मनात संशय शिरला होता आणि मुलाला आपला म्हणून स्वीकारण्यास तो कचरत होता. प्रेषितांनी त्याला दटावले नाही, की पत्नीची चौकशीही केली नाही. त्याच्याकडे उंट आहेत काय, त्यांचा रंग कोणता, त्यांत एखादा राखाडी रंगाचा आहे काय, असे त्याच्या नित्याच्या व्यवहारातील प्रश्न विचारले. उंट तांबडे आहेत, पण त्यांत काही राखाडीही आहेत, हे त्याने मान्य केले. मग तो रंग आला कोठून? कदाचित पूर्वजांतील एखाद्या शिरेने तो ओढून आणला असेल, असे उत्तर त्या मनुष्याने स्वतःच दिले. तेव्हा प्रेषितांनी समजावले की त्याच्या मुलाच्या बाबतीतही असेच घडले असेल.

ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. धर्मशास्त्राच्या विद्वानांनी तिच्यातून वंशसिद्धीचे नियम काढले. आजच्या वाचकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. पूर्वजांकडून आलेली एखादी खूण अनेक पिढ्या झाकलेली राहते आणि अवचित प्रकट होते, हे सत्य येथे मान्य केले आहे. आणि त्याच वेळी, त्या खुणेवरून माणसाला नाकारण्याची वाट बंद केली आहे. आनुवंशिकतेचे ज्ञान येथे संशय फेडण्यासाठी आणि एका निष्पाप बालकाचा हक्क राखण्यासाठी वापरले गेले.

आज हे ज्ञान उंटांच्या रंगाच्या पुष्कळ पुढे गेले आहे. रक्ताच्या किंवा लाळेच्या एका नमुन्यावरून माणसाच्या देहात वारशाने काय आले आहे हे सांगता येते. म्हणून प्रश्न उभा राहतो की, हे ज्ञान विमा कंपनीच्या किंवा मालकाच्या हाती पडल्यास त्याने माणसाला आधार मिळेल, की त्याला दाराबाहेर काढले जाईल? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

जनुक, वाहक आणि रुग्ण

प्रथम काही शब्द स्पष्ट करून घेऊ. आई-वडिलांकडून अपत्याकडे जाणाऱ्या गुणांचे सूत्र ज्या घटकांत असते, त्यांना जनुके म्हणतात. प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या रक्ताच्या विकारांत एकच प्रत सदोष असेल, तर मनुष्य सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. त्याला ‘वाहक’ म्हणतात. दोन्ही प्रती सदोष असतील तरच तो रुग्ण होतो. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण मुक्त असण्याची २५ टक्के असते.

काही विकारांत एकच सदोष प्रत पुरेशी असते. स्तन आणि बीजकोशाच्या कर्करोगाशी निगडित जनुकांत दोष असल्यास धोका पुष्कळ वाढतो. तथापि असा दोष असलेल्या प्रत्येक स्त्रीला कर्करोग होतोच असे नाही. चाचणीत दिसते ती बहुधा शक्यता, निकाल नव्हे. वाहक आणि रुग्ण, शक्यता आणि आजार यांतील हे अंतर ध्यानी न घेतल्यामुळेच जनुकीय भेदभाव जन्माला येतो. जो मनुष्य आज धडधाकट आहे, त्याला उद्याच्या संभाव्य आजारासाठी आजच दंड करणे, हे त्या भेदभावाचे स्वरूप होय.

अन्याय कसा घडला

हा भेदभाव कागदोपत्री सर्वांत स्पष्टपणे नोंदला गेला तो अमेरिकेत. म्हणून त्याविरुद्धच्या कायद्याचा अभ्यासही तेथूनच करावा लागतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील अनेक राज्यांनी कृष्णवर्णीय नागरिकांसाठी सिकलसेलची सक्तीची तपासणी सुरू केली. हेतू आरोग्याचा सांगितला गेला. परंतु वाहक आणि रुग्ण यांतील भेद लोकांना समजावला गेला नाही, आणि माहिती गुप्त राखण्याची व्यवस्थाही नव्हती. निरोगी वाहकांकडे रुग्ण म्हणून पाहिले गेले. नोकरीत आणि विम्यात त्यांच्याशी दुजाभाव झाला. हवाई दलाच्या अकादमीचे दार अशा वाहकांसाठी १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ मध्ये तेथील संसदेने कायदा करून तपासणी ऐच्छिक असेल तरच सरकारी निधी मिळेल असे ठरविले. रोगाच्या नावाखाली एका वंशाला वेगळे काढले जाऊ शकते, हा धडा त्यातून मिळाला.

दुसरी घटना २००१ सालची. एका मोठ्या रेल्वे कंपनीतील काही कामगारांनी, सततच्या कामामुळे मनगटाच्या नसा दबून हात दुखावल्याची तक्रार करून भरपाई मागितली होती. कंपनीने त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले आणि त्यांना न सांगता जनुकीय चाचणी करविली. दुखण्याचे मूळ कामात नसून कामगाराच्या वारशातच आहे, असे दाखविता आले तर भरपाई टळेल, हा त्यामागील हिशेब. सरकारच्या समान रोजगार संधी आयोगाने न्यायालयात धाव घेतली. चाचण्या थांबल्या आणि २००२ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलरपर्यंतची भरपाई मान्य केली. कामाने दिलेली जखम रक्तावर ढकलण्याचा तो प्रयत्न होता.

२००८ चा कायदा : काय दिले, काय राहिले

अमेरिकी संसदेत जनुकीय माहितीवर आधारित भेदभावाविरुद्धचे विधेयक प्रथम १९९५ मध्ये मांडले गेले. त्याला तेरा वर्षे वाट पाहावी लागली. अखेर २००८ मध्ये वरिष्ठ सभागृहाने ते ९५ विरुद्ध शून्य आणि कनिष्ठ सभागृहाने ४१४ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केले, आणि २१ मे २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या स्वाक्षरीने त्याचा कायदा झाला.

या कायद्याचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला भाग आरोग्य विम्याचा. जनुकीय माहितीच्या आधारे विमा कंपनीला कोणाला विमा नाकारता येत नाही, हप्ता वाढविता येत नाही, आणि चाचणी करण्याची सक्तीही करता येत नाही. दुसरा भाग नोकरीचा. पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला भरती, बढती, वेतन किंवा बडतर्फी यांपैकी कोणत्याही निर्णयात ही माहिती वापरता येत नाही; एवढेच नव्हे, तर काही मोजके अपवाद वगळता ती मागताही येत नाही.

‘जनुकीय माहिती’ या शब्दाचा अर्थ येथे व्यापक आहे. त्यात व्यक्तीची स्वतःची चाचणी येते, नातेवाइकांच्या चाचण्या येतात, आणि कुटुंबातील आजारांचा इतिहासही येतो. नोकरीच्या तपासणीत ‘तुमच्या आईला कर्करोग होता काय?’ असे विचारणे हाही या कायद्याचा भंग ठरतो. २०१३ मध्ये आयोगाने या कायद्याखाली दाखल केलेला पहिला खटला नेमका असाच होता. ओक्लाहोमा राज्यातील एका कापड वितरण कंपनीच्या वतीने झालेल्या वैद्यकीय तपासणीत एका महिला उमेदवाराला कुटुंबातील हृदयविकार, कर्करोग इत्यादींविषयी विचारले गेले होते. ५० हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटले. कायद्याची समजूतही बारीक आहे : कर्मचाऱ्याचे वडील आजारी असल्याचे बोलता बोलता मालकाच्या कानी पडले, तर तो गुन्हा नव्हे, परंतु त्या ऐकीव माहितीवर निर्णय घेतला, तर मात्र तो गुन्हा ठरतो.

कायद्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जीवन विमा, अपंगत्व विमा आणि वृद्धापकाळातील दीर्घ शुश्रूषेचा विमा यांना तो लागू नाही. पंधरापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणी, तसेच सैन्यातील जवानांना त्याचे संरक्षण नाही. आणि आजार एकदा प्रकट झाला की हा कायदा बाजूला होतो. तेथे १९९० चा अपंगत्वविषयक कायदा आणि २०१० चा आरोग्यसेवा कायदा पुढे येतात. म्हणजे २००८ च्या कायद्याने एक विशिष्ट पोकळी भरून काढली : आजारी मनुष्याला कायदा होता, आजारी नसलेल्या, पण ‘उद्या आजारी पडेल’ अशी खूण लागलेल्या मनुष्याला तो नव्हता.

जगाच्या पातळीवर युनेस्कोने ११ नोव्हेंबर १९९७ च्या जाहीरनाम्यात जनुकीय वैशिष्ट्यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली होती. पुढच्याच वर्षी कुवेत येथे इस्लामी वैद्यकीय संघटनेने भरविलेल्या परिसंवादात उलेमा आणि डॉक्टर एकत्र बसले. चाचणीला व्यक्तीची संमती असावी, निष्कर्ष गुप्त राहावेत आणि त्यावरून भेदभाव होऊ नये, हीच दिशा त्यांनीही दाखविली.

इस्लामी शिकवणीचे तीन आधार

कायदा मनुष्य करतो आणि बदलतोही. श्रद्धावंताला प्रश्न पडतो, या संरक्षणाचा पाया आपल्या दीनमध्ये आहे काय? विचार केल्यास तीन आधार दिसतात.

पहिला आधार : कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही. हा सिद्धांत पवित्र कुरआनने पाच ठिकाणी मांडला आहे (त्यांपैकी एक, सूरह बनी इस्राईल : १५). त्याचा मूळ संदर्भ पापाचा आणि परलोकातील हिशेबाचा आहे, हे खरे. परंतु न्यायाचे जे तत्त्व त्यात आहे, ते या जगातही आपल्याला बांधते. आपल्या कृत्यावाचून लादलेला दंड हा दंड नव्हे, जुलूम आहे. वारशाने आलेल्या जनुकात मनुष्याचे कोणतेही कृत्य नसते. आजोबांकडून आलेल्या एका खुणेसाठी नातवाची नोकरी जाणे, हे एकाचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर टाकणेच होय. शिवाय सूरह हुजुरात (आयत १३) माणसाच्या प्रतिष्ठेचे माप ईशभीरुतेत सांगते, रक्तात नव्हे.

दुसरा आधार : गुपित ही अमानत आहे. त्याच सूरहमध्ये (आयत १२) श्रद्धावंतांना अति संशयापासून दूर राहण्याची आणि एकमेकांची छिद्रे न शोधण्याची आज्ञा आहे. कामगाराच्या नकळत त्याच्या रक्ताची चाचणी करणे याहून मोठे छिद्रान्वेषण कोणते? ज्याचा सल्ला घेतला जातो तो विश्वस्त असतो, ही प्रेषितांची शिकवण डॉक्टर, प्रयोगशाळा आणि समुपदेशक या सर्वांना लागू आहे. येथे आणखी एक बारकावा आहे. जनुकीय माहिती एकट्याची कधीच नसते. एका बहिणीचा अहवाल उघड झाला, तर दुसऱ्या बहिणीचे, भावाचे, त्यांच्या मुलांचेही काही उघड होते. म्हणून ही अमानत संपूर्ण कुटुंबाची आहे.

तिसरा आधार : संकट वाटून घेणे. येथे विमा कंपन्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे, कारण ती निराधार नाही. त्या म्हणतात, ज्याला आपला धोका ठाऊक आहे तो मोठा विमा घेईल आणि ज्याला धोका नाही तो घेणारच नाही. मग खर्चाचा भार उरलेल्या लोकांवर पडेल. यात तथ्य आहे. परंतु विम्याचे मूळ प्रयोजन काय, हे आधी ठरवावे लागेल. मदीनेच्या करारात प्रत्येक कबिल्याने आपल्या सदस्यांवर येणारी रक्ताची भरपाई आणि कैद्यांची खंडणी मिळून द्यावी, असे ठरले होते. अश्अरी कबिल्याची हदीसही प्रसिद्ध आहे : प्रवासात किंवा मदीनेत अन्न कमी पडले की, ते लोक घरोघरी असेल ते एका वस्त्रावर गोळा करीत आणि एकाच मापाने समान वाटून घेत. प्रेषितांनी त्यांची प्रशंसा करताना ते आपले आहेत आणि आपण त्यांचे आहोत, असे सांगितले. वस्त्रावर कोणी किती आणले आणि कोणाला भूक जास्त लागणार, याची तेथे आधी छाननी झाली नाही.

प्रचलित व्यापारी विमा शरीअतला मान्य आहे की नाही, याविषयी उलेमांत चर्चा आहे. जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये व्यापारी विम्याऐवजी परस्पर सहकार्यावर आधारलेल्या विम्याचा पर्याय मान्य केला. त्या चर्चेत येथे शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र निश्चित, की कोणावर संकट येईल हे ठाऊक नसताना सर्वांनी मिळून भार उचलणे हा परस्पर साहाय्याचा प्राण आहे. ज्यांच्यावर संकट येण्याचा संभव आहे त्यांना वेचून बाहेर काढले, तर उरते ते केवळ निरोग्यांचे मंडळ. त्याला साहाय्य म्हणता येणार नाही.

धान्याच्या राशीतील ओल

तथापि हक्काच्या नावाखाली असत्याला जागा देता येत नाही. बाजारात एका धान्याच्या राशीत प्रेषितांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. वरचे धान्य कोरडे आणि आतले भिजलेले होते. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातील नाही, असा कडक इशारा दिला. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे.

म्हणून विम्याच्या अर्जावर असलेला मधुमेह, झालेली शस्त्रक्रिया किंवा चालू असलेले औषध लपविणे, म्हणजे ओले धान्य खाली दडविणे होय. त्याला मुभा नाही. परंतु जनुकीय शक्यता हे भिजलेले धान्य नव्हे. कधी तरी पाऊस पडेल, एवढीच ती शक्यता आहे. जेथे कायद्याने असा प्रश्न विचारण्यास बंदी आहे, तेथे उत्तर न देणे हे असत्य नाही. तो आपला हक्क आहे. जेथे अशी बंदी नाही आणि अर्जात कौटुंबिक इतिहास स्पष्टपणे विचारला आहे, तेथे खोटे उत्तर देऊ नये. अन्यायाला उत्तर कायद्याने आणि सनदशीर मागणीने द्यावे. खोट्या स्वाक्षरीने नव्हे.

आपल्या देशातील स्थिती

भारतात २००८ च्या अमेरिकी कायद्यासारखा जनुकीय भेदभावाविरुद्धचा स्वतंत्र कायदा नाही. तरीही अंधार पूर्ण नाही.

एका हृदयरुग्णाचा दावा विमा कंपनीने, हा आजार जनुकीय आहे आणि पॉलिसीत जनुकीय विकार वगळलेले आहेत, असे सांगून फेटाळला होता. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा तो विकार होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात रुग्णाच्या बाजूने कौल दिला. ‘जनुकीय विकार’ हा शब्द इतका व्यापक आणि संदिग्ध आहे की, त्याखाली हृदयविकारासारखे अनेक सामान्य आजारही ओढता येतील. असे सरसकट वगळणे समानतेच्या घटनादत्त हक्काला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच महिन्यात विमा नियामक प्राधिकरणाने, केवळ या कलमाच्या आधारे दावे नाकारू नयेत, असे कंपन्यांना कळविले. हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणून उच्च न्यायालयाच्या निकालाला अंतिम शब्द समजू नये.

इतर कायद्यांचाही काही आधार आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे तीनही रक्तविकार समाविष्ट आहेत, आणि सरकारी आस्थापनांनी नोकरीत अपंगांशी भेदभाव करू नये असे त्यात म्हटले आहे. एचआयव्ही-बाधितांसाठीच्या २०१७ च्या कायद्याने नोकरी आणि विमा या दोन्ही क्षेत्रांत भेदभावाला मनाई केली. म्हणजे कायद्याने ठरविले तर हे होऊ शकते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. परंतु निरोगी वाहकाचे काय? तो रुग्ण नाही, अपंग नाही; म्हणून या कायद्यांची सावली त्याच्यावर पुरेशी पडत नाही. अमेरिकेत २००८ मध्ये जी पोकळी भरली, ती आपल्याकडे अजून रिकामी आहे.

हा प्रश्न दूरचा नाही. विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात सिकलसेल आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. आदिवासीबहुल भागांतील सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणी होणे उत्तमच. परंतु तिचा निष्कर्ष कोणाच्या हाती जातो, याचे संरक्षणही तितकेच आवश्यक आहे. १९७० च्या दशकातील अमेरिकेचा धडा तोच आहे.

विम्याच्या बाबतीत कुटुंबांनी काही पथ्ये पाळावीत. वाहक असल्याचा अहवाल आला, तर ‘वाहक आहे, रुग्ण नाही’ असे डॉक्टरांकडून लेखी घ्यावे. पॉलिसीतील वगळलेल्या आजारांचे पान सही करण्यापूर्वी वाचावे. दावा फेटाळला गेल्यास कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जावे. लोकपालाकडे तक्रार करण्यास शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. पुढील हप्ते थकवू नयेत. २०२४ च्या नियमांनुसार आरोग्य विमा सलग साठ महिने चालू राहिला, तर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती न दिल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही.

आपल्या घरातील विमा कंपनी

आता एक कटू गोष्ट. विमा कंपनी आणि मालक यांच्याविरुद्ध आपण न्याय मागतो. पण आपल्या घरात रिश्ता पाहताना आपण काय करतो?

समजा, एका घरात धाकट्या मुलाला थॅलेसेमिया असल्याचे निदान झाले. डॉक्टर थोरल्या मुलीचीही तपासणी करावयास सांगतात. अम्मी म्हणते, ‘नको, कळले तर हिचा रिश्ता कोण करील?’ अब्बा गप्प राहतात. मुलगी तपासणीविना राहते, लग्न होते, आणि नवऱ्याकडेही तीच खूण असेल, तर मग दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागणारे एक बाळ जन्माला येण्याची शक्यता उभी राहते. त्या आईला आपण भित्री म्हणू नये. तिला भय वाटते ते आपल्यासारख्या लोकांचे. तिच्या मुलीला ‘दोष असलेली’ म्हणून नाकारणाऱ्या शेजारपाजाऱ्यांचे आणि नातलगांचे. लोक चाचणी टाळतात याचे एक मोठे कारण हे भय आहे. अमेरिकेच्या कायद्यानेही आपल्या उद्दिष्टांत हेच म्हटले आहे : लोकांनी भेदभावाच्या भीतीविना चाचणीचा लाभ घ्यावा. आपल्या घरातील हे भय दूर करणारा कायदा मात्र कोणतीही संसद करू शकत नाही. तो आपणच करावयाचा आहे.

चाचणी करणे म्हणजे तकदीरवरील श्रद्धा ढळणे नव्हे. शाम प्रदेशात प्लेगची साथ असल्याचे कळल्यावर ह. उमर (रजि.) वाटेतूनच परत फिरले. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. सौदी अरेबियात २००४ पासून विवाहापूर्वी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी सक्तीची आहे. मात्र तपासणीनंतर विवाह करावयाचा की नाही, याचा निर्णय त्या दोघांचाच राहतो. आपल्याकडे मामा-मावशी, काका-आत्या यांच्या मुलामुलींत विवाह होतात. शरीअतने त्यांना परवानगी दिली आहे. परंतु एकाच रक्तातील दोघे एकाच खुणेचे वाहक असण्याचा संभव अधिक असतो, म्हणून अशा ठिकाणी तपासणी अधिक अगत्याची.

मग रिश्त्याच्या वेळी सांगावे काय? ह. फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी आपल्याला आलेल्या मागण्यांविषयी प्रेषितांचा सल्ला विचारला, तेव्हा त्यांनी त्या पुरुषांविषयी आवश्यक तेवढी माहिती स्पष्टपणे दिली. यावरून मर्यादा कळते. ज्याचे आयुष्य त्या माहितीशी जोडले जाणार आहे, त्याला ती खरेपणाने सांगावी, मोहल्ल्याला नव्हे. ज्याला सांगितले, त्याने नकार दिला तरी ती गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी. जो आपल्या मुस्लिम बांधवाचे उणे झाकतो त्याचे उणे अल्लाह झाकील, या शिकवणीची खरी परीक्षा नकारानंतर होते.

सारांश

वाळवंटातून आलेला तो मनुष्य मुलाविषयी संशय घेऊन आला होता. त्याला ज्ञान मिळाले, आणि त्या ज्ञानाने मुलाचे स्थान त्याच्या घरात पक्के झाले. आजच्या प्रयोगशाळेतील ज्ञानही अल्लाहनेच मनुष्याला दिले आहे. त्याने रुग्णाला वेळेवर उपचार मिळावा, दांपत्याला विचारपूर्वक निर्णय घेता यावा. ते ज्ञान कोणाची रोजी हिरावण्याचे, कोणाचा दावा फेटाळण्याचे किंवा कोणाच्या लेकीला नाकारण्याचे साधन होऊ नये. कायद्याची मागणी करणे हे नागरिक म्हणून आपले काम; आणि कायदा येण्याची वाट न पाहता आपल्या घरात न्याय करणे, हे श्रद्धावंत म्हणून आपले कर्तव्य. अल्लाहतआला आम्हा सर्वांना अमानत जपण्याची आणि न्यायाने वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.

कौटुंबिक अभ्यासासाठी प्रश्न

१. वाहक आणि रुग्ण यांत काय फरक आहे? तो न समजल्याने कोणता अन्याय घडतो?
२. उंटांच्या रंगाच्या हदीसमध्ये आनुवंशिकतेचे ज्ञान कोणत्या हेतूने वापरले गेले?
३. असलेला आजार लपविणे आणि जनुकीय शक्यता खासगी ठेवणे, या दोहोंत शरीअतच्या दृष्टीने काय अंतर आहे?
४. अश्अरी कबिल्याच्या उदाहरणावरून आपल्या मोहल्ल्यातील रुग्ण कुटुंबांसाठी कोणती व्यवस्था उभारता येईल?
५. आपल्या घरात एखाद्या आजाराविषयी बोलणे टाळले जाते काय? त्यामागे कोणाचे भय आहे?